फाटकाबाहेरच्या सायकली : मालकवर्गास एक खुले पत्र

मुक्काम गार्चिंग (म्युनिकनजीक), जर्मनी

पुणे, पिंपरी-चिंचवड, हिंजवडी व चाकण येथील कारखान्यांचे व कंपन्यांचे सन्माननीय मालक, संचालक आणि आस्थापनाप्रमुख यांस,



कर्मचाऱ्याने घरून कामावर कसे यावे हा त्याचा खाजगी प्रश्न आहे, त्यात आस्थापनेने लक्ष घालण्याचे कारण नाही, असे उत्तर सायकलने येणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या अर्जांना आपल्यापैकी अनेकांच्या कचेऱ्यांतून वर्षानुवर्षे मिळत आले आहे. आणि हे उत्तर देणारी माणसे बहुधा सज्जन व कामसू असतात हे ठाऊक असल्यामुळेच त्या उत्तरातील अन्याय आपल्यापुढे सविस्तर मांडावा असे मला फार दिवसांपासून वाटत होते. मी मूळचा पुण्याचा. सध्या नोकरीनिमित्त म्युनिकच्या उत्तरेस असलेल्या गार्चिंग या गावी राहतो आणि कामावर सायकलने जातो. दोन्हीकडचा कारभार जवळून पाहिल्यावर माझी अशी खात्री झाली आहे की, कर्मचाऱ्याच्या येण्याजाण्याच्या प्रश्नात आपण केव्हाच पडलेले आहात, आणि पडताना मोटारीची बाजू घेऊन बसला आहात.

याचा पुरावा आपल्याच जमाखर्चाच्या वह्यांत आहे. ज्या भागात जमिनीचा प्रत्येक चौरस फूट मोलाने घ्यावा लागतो तेथे आपण मोटारी उभ्या करण्यासाठी तळघरांचे मजले खोदता, त्यांत दिवे, पंखे व पहारेकरी ठेवता. वरिष्ठ अधिकाऱ्यांना मोटार, तिचे इंधन आणि प्रसंगी चालकही देता. दूरच्या वस्त्यांतून माणसे आणण्यासाठी बसगाड्या ठेक्याने लावता. यांतील कशालाही कोणी दयाधर्म म्हणत नाही, आणि तसे म्हणूही नये. माणूस वेळेवर व सुस्थितीत कामावर पोहोचावा यासाठी केलेला तो उचित खर्च होय. सरकारचीही त्याला अनुकूलता आहे. १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाची कंपनीची मोटार कर्मचाऱ्याने कचेरीच्या कामासाठी आणि घरच्या उपयोगासाठीही वापरली, तर त्या सवलतीचे करपात्र मूल्य, मोटारीची किंमत कितीही असो, दरमहा १,८०० रुपये एवढेच धरण्याचा प्राप्तिकराचा शिरस्ता दीर्घकाळ चालत आला. अशा परिस्थितीत सायकलस्वाराचा अर्ज आला की मात्र 'हा खाजगी प्रश्न' हे तत्त्व दप्तरातून बाहेर काढले जाते, याचे कोडे मला आजवर उलगडलेले नाही.

माझ्या नात्यातील एक तरुणी हिंजवडीतील एका कंपनीत काम करते. तिचे घर वाकडला, म्हणजे सायकलीला अगदी बेताच्या अंतरावर. तिने हौसेने सायकल घेतली आणि पहिल्याच सकाळी फाटकावर तिला अडविण्यात आले. कारण वाहन आत नेण्याच्या परवान्याच्या अर्जात नोंदणी क्रमांकाचा रकाना होता, आणि सायकलीला नोंदणी क्रमांक नसतो. रखवालदाराने हुकमाचे पालन केले, त्याचा दोष नाही. तिने रीतसर अर्ज केला. धोरणात अशी तरतूद नाही, असा जबाब आला. पुढे बरेच दिवस ती आपली सायकल फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीशेजारी विजेच्या खांबाला साखळीने बांधून आत जात असे आणि दिवसभर तिचे अर्धे चित्त त्या खांबापाशी असे. अखेर तिने स्कूटर घेतली, आणि त्या स्कूटरीला त्याच आवारात छपराखाली, पांढऱ्या पट्ट्यांनी आखलेली जागा तत्काळ मिळाली. वाहतुकीच्या कोंडीविषयी परिसंवाद भरविणाऱ्या, पर्यावरणरक्षणाचे अहवाल गुळगुळीत कागदावर छापणाऱ्या आपल्या उद्योगविश्वाने रस्त्यावर आणखी एक इंजिन कसे आणले, याचे हे साधे उदाहरण आहे.

परंतु ती तरुणी सुशिक्षित असून तिच्यापाशी निवड होती. ज्यांच्यापाशी निवडच नाही अशांविषयी मला अधिक कळकळीने लिहावयाचे आहे. भोसरी, चाकण येथील अनेक कारखान्यांच्या कुंपणभिंतींलगत सकाळच्या पाळीच्या वेळी जाऊन पाहावे: उन्हापावसात गंजलेल्या, सीटवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधलेल्या सायकलींची रांग तेथे असते. त्या कंत्राटी कामगारांच्या, उपाहारगृहात भांडी घासणाऱ्यांच्या, बागेत व संडासांत झाडलोट करणाऱ्यांच्या असतात. २०११ च्या जनगणनेत शेती व घरगुती उद्योग वगळून इतर कामांवर जाणाऱ्या लोकांना प्रवासाचे साधन प्रथमच विचारले गेले, तेव्हा देशभरात सुमारे २ कोटी ६० लक्ष माणसे सायकलने कामावर जातात असे आढळले. म्हणजे सायकलस्वार कर्मचारी हा उद्या निर्माण करावयाचा कोणी आदर्श नागरिक नाही. तो आज आपल्या फाटकाशी उभा आहे. त्याची हजेरी ठेकेदाराच्या वहीत लागत असेल, पण घाम आपल्या आवारात गळतो. आपण 'सायकल-दिन' साजरा करून टोप्या व सदरे वाटता, त्या दिवशीदेखील ही मंडळी त्या छायाचित्रांत नसतात, हे मला फार खुपते.

आता गार्चिंगविषयी. इसार नदीच्या काठचे हे मूळचे शेतकऱ्यांचे खेडे. १९५७ साली येथे जर्मनीतील पहिली संशोधन-अणुभट्टी उभी राहिली, तिच्या अंडाकृती घुमटाला गावाने आपल्या बोधचिन्हात स्थान दिले, आणि हळूहळू तिच्याभोवती म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाचे विभाग, माक्स प्लांक संस्था, युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीचे मुख्यालय अशी मोठी संशोधननगरी वसली. म्युनिकची भुयारी रेल्वे या नगरीपर्यंत २००६ साली आली. तरीही शहराच्या मध्यापासूनचे सुमारे १५ किलोमीटरचे अंतर इंग्लिश गार्डन या विस्तीर्ण उद्यानातून व पुढे नदीकाठच्या झाडीतून सायकलने कापणारी माणसे येथे पुष्कळ आहेत; आणि ती सर्व तरुण वा व्यायामपटू नाहीत, त्यांत पांढऱ्या केसांचे प्राध्यापक आहेत, तशाच लहान मुलाला वाटेत बालवाडीत सोडून येणाऱ्या माताही आहेत.

हे लोक आपल्याहून अधिक सद्‌गुणी आहेत असे मी मुळीच म्हणत नाही. मोटार हे जर्मनीचे दैवत आहे, हॉखब्र्युक या गार्चिंगच्याच औद्योगिक वसाहतीत मोटारतळांना कोणी जागा कमी पडू दिलेली नाही, म्युनिक ते गार्चिंग या जलद सायकलमार्गाची योजना अनेक वर्षे रखडत चालली आहे, आणि नदीकाठच्या खडीच्या वाटेवर हिवाळ्यात दिवा नसतो. भुयारी रेल्वेत सायकल नेण्यासही सकाळी ६ ते ९ व सायंकाळी ४ ते ६ या गर्दीच्या वेळी मनाई आहे. इतके असून माणसे सायकलने येतात, याचे श्रेय बऱ्याच अंशी त्या प्रवासाच्या दुसऱ्या टोकाला आहे. तेथे इमारतीच्या दाराजवळ छप्पर असते. नुसते चाक अडकविण्याऐवजी सायकलीचा सांगाडा बांधता येईल असे लोखंडी कठडे असतात. अनेक ठिकाणी स्नानाची सोय व ओले कपडे वाळत घालण्याची जागा असते. भिजून आलेला माणूस पाऊण तासात कोरडा व स्वच्छ होऊन आपल्या मेजाशी बसतो, आणि त्याकडे कोणी कुतूहलाने पाहत नाही.

कायद्याची बाजू मी जरा तपशिलाने सांगतो, कारण आपण व्यवहारी माणसे आहात आणि सद्भावनेपेक्षा तरतुदीवर आपला भरवसा अधिक, जो योग्यच आहे. कंपनीने कर्मचाऱ्यास मोटार द्यावी व तिच्या खाजगी उपयोगाचे मूल्य दरमहा किमतीच्या एक टक्का धरून त्यावर कर घ्यावा, ही येथील जुनी पद्धत. नोव्हेंबर २०१२ मध्ये करखात्याने हाच न्याय सायकलीला लावला. तेव्हापासून मालक सायकल भाड्याने घेतो, कर्मचाऱ्यास देतो, हप्ता पगारातून वळता करतो. पुढे २०२० पासून अशा सायकलीच्या किमतीचा केवळ चौथा हिस्सा कराच्या हिशेबात धरला जाऊ लागला. आणि मालकाने पगाराला हात न लावता वरकड म्हणून सायकल दिली तर ती सवलत २०१९ पासून करमुक्त असून तिची मुदत २०३० अखेरपर्यंत वाढविलेली आहे. घर ते कचेरी या अंतरासाठी प्राप्तिकरात मिळणारी किलोमीटरवार वजावट २००१ पासून वाहन कोणतेही असले तरी मिळते. सायकलस्वारालाही आणि पायी चालणाऱ्यालाही. शेजारच्या बेल्जियमने तर १ मे २०२३ पासून खाजगी क्षेत्रातील सायकलस्वार कर्मचाऱ्यांना किलोमीटरमागे सायकल भत्त्याचा हक्कच दिला.

यावर 'ही परदेशची थेरे आपल्याकडे कशी चालावीत' असा आक्षेप निघेल, म्हणून मी आपले लक्ष आपल्याच सरकारी दप्तराकडे वेधू इच्छितो. सायकल अग्रिम नावाची एक बाब आपल्या सरकारी कचेऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या होती: शिपायाला किंवा कनिष्ठ कारकुनाला सायकल घेण्यासाठी बिनव्याजी उचल मिळे आणि ती हप्त्याहप्त्याने पगारातून कापली जाई. जर्मनीच्या करखात्याने ज्या गोष्टीला २०१२ साली मान्यता दिली तिचे सार या जुन्या तजविजीत पूर्णपणे होते. सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशीवरून केंद्र सरकारने २०१६ साली ही उचल, इतर बिनव्याजी उचलींबरोबर, बंद केली. सायकल भत्ताही जाणार होता. परंतु २०१७ साली टपाल वाटणारे पोस्टमन आणि रेल्वेचे रूळ सांभाळणारे कामगार यांच्यापुरता तो राखून, दरमहा ९० रुपयांवरून १८० रुपये करण्यात आला. वर मी मोटारीच्या करपात्र मूल्याचा जो आकडा दिला त्याच्या बरोबर एक दशांश. हे दोन आकडे वेगळ्या जातीचे आहेत, एक कराच्या हिशेबाचा तर दुसरा हातात पडणारा, हे मला ठाऊक आहे. तरी राज्यसंस्थेच्या दृष्टीने कोणत्या वाहनाचे वजन किती, याचा अदमास त्यांवरून यावा. सरकारने सोडलेली ही उत्तम प्रथा उचलण्यास आपणांस कोणत्याही विधिमंडळाची संमती लागत नाही. आपल्या कायम व कंत्राटी कामगारांसाठी बिनव्याजी सायकल अग्रिम सुरू करावा, आणि जो कर्मचारी आपल्या आवारातील मोटारीची अथवा स्कूटरीची जागा मागत नाही, बसमधील आसन अडवीत नाही, त्याला त्या वाचलेल्या खर्चाचा वाटा मासिक भत्त्याच्या रूपाने द्यावा, ही माझी पहिली व मुख्य दरखास्त आहे.

दुसरी बाब अपघाताची. जर्मनीत कामावर जाता-येता झालेला अपघात हा कामावरील अपघातच समजावा, असा कायदा १९२५ साली झाला, आणि सायकलस्वाराला त्याचे संरक्षण इतरांइतकेच आहे. आपल्याकडे याच प्रश्नावर एक खटला झाला त्याची हकीकत फार बोलकी आहे. १९७१ साली केरळातील कोरट्टी येथे एक कामगार पाळीवर वेळेत पोहोचण्यासाठी सायकलने निघाला असता, कारखान्यापासून सुमारे एक किलोमीटरवर त्याला एका लॉरीने धडक दिली व त्याचे गळपट्टीचे हाड मोडले. ती लॉरी त्याच्याच मालकाची होती. खालच्या न्यायासनांनी त्याच्या बाजूने कौल दिला, परंतु प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि पंचवीस वर्षांनी, १९९६ साली, ही इजा नोकरीच्या ओघात झालेली नाही असा निर्णय लागला. कर्मचारी राज्य विमा योजनेच्या कायद्यात दुरुस्ती होऊन येण्याजाण्याच्या वाटेवरील अपघात त्यात येण्यास २०१० साल उजाडावे लागले. पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हेच तत्त्व आले, आणि महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याच्या रखवालदाराच्या अपघाती मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यालाही ते लागू केले. म्हणजे कायदा मोठ्या कष्टाने का होईना, सायकलस्वाराच्या बाजूला आलेला आहे. परंतु राज्य विमा योजनेला वेतनमर्यादा असून तीवरील कर्मचारी तिच्या बाहेर राहतात, आणि तिच्या आत असलेल्या कितीतरी कंत्राटी कामगारांना आपला हा हक्क कोणी समजावूनच सांगितलेला नसतो. तेव्हा फाटकाशी लावलेल्या सूचनाफलकावर हा नियम शुद्ध मराठीत व हिंदीत लिहवून घ्यावा, आणि मर्यादेबाहेरच्यांसाठी आपण घेतलेल्या सामूहिक अपघात विम्यात घर ते कचेरीचा प्रवास, सायकलचा स्पष्ट उल्लेख करून, समाविष्ट करावा.

छपराविषयी व स्नानगृहाविषयी फार लिहीत नाही. एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली सुखाने उभ्या राहतात. जागा नाही ही सबब त्यामुळे टिकण्याजोगी नाही. कपडे बदलण्यासाठी स्त्रियांना स्वतंत्र, आतून कडी लागणारी खोली असावी, कारण तिच्या अभावी कितीतरी मुली सायकलीचा विचारही मनात आणीत नाहीत. मुसळधार पावसाच्या दिवशी हजेरीत थोडी सवलत असावी. पुण्यात मोटारीने येणारालाही त्या दिवशी उशीर होतोच आणि त्याला तो माफ होतो.

आपल्या बाजूचा सर्वांत वजनदार आक्षेप मी टाळू इच्छित नाही. रस्ते धोक्याचे आहेत. आम्ही सायकलला उत्तेजन दिले आणि कोणी डंपरखाली गेला तर ते पाप कोणाच्या माथी, असे एका उद्योजक स्नेह्यांनी मला विचारले होते, आणि त्यांच्या प्रश्नातील भय खरे होते. मुंबई-पुणे रस्त्यावर किंवा हिंजवडीच्या वाटेवर सायकल चालविणाऱ्याच्या मनात ते रोज असते. पण धोका आहे म्हणून ज्यांनी सायकल सोडली ते मोटारी व स्कूटरी घेऊन त्याच रस्त्यावर आले, आणि मागे उरलेल्यांचा धोका वाढला. शिवाय रस्ते हा आपल्या आवाक्याबाहेरचा विषय आहे असे आपण अन्य प्रसंगी मानीत नाही. उड्डाणपूल हवा असेल, रस्ता रुंद व्हावा असे वाटत असेल, तेव्हा आपल्या संघटनांची शिष्टमंडळे मंत्रालयापर्यंत जातात व त्यांचा मुलाहिजा राखला जातो. औद्योगिक क्षेत्रातील आतले बरेच रस्ते तर औद्योगिक विकास महामंडळाच्या, म्हणजे आपल्या रोजच्या संबंधातील संस्थेच्या, अखत्यारीत आहेत. १९३४ पासून पुण्याच्या उद्योगांचा आवाज असलेल्या मराठा चेंबरने आणि वसाहतींच्या संघटनांनी पुढील निवेदनात रस्तारुंदीच्या मागणीबरोबर कठड्याने वेगळ्या केलेल्या सायकलमार्गाची मागणी घालावी. ती कोणा सायकलप्रेमी मंडळाच्या अर्जाहून निश्चितच लवकर ऐकली जाईल. पुणे महानगरपालिकेने २०१७ साली सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, त्याच सुमारास भाड्याच्या सायकलींच्या कंपन्या मोठ्या गाजावाजाने आल्या आणि थोड्याच काळात गेल्या. त्या अपयशाची कारणे अनेक असतील. परंतु ज्याच्याकडे शहर रोज सकाळी जाते तो मालकवर्ग त्या सगळ्या प्रयत्नात प्रेक्षक राहिला, हे एक कारण मला महत्त्वाचे वाटते.

एके काळी हे असे नव्हते. खडकीचा दारूगोळा कारखाना, पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, किर्लोस्करांचे कारखाने यांच्या भोंग्यांबरोबर दापोडीच्या पुलावरून सायकलींचे लोंढे जात हे जुन्या पुणेकरांच्या स्मरणात आहे, आणि त्या काळी सायकलींची शेड ही कारखान्याच्या नकाशातील, भोजनगृहाइतकीच गृहीत धरलेली गोष्ट होती. ती शेड पुढे स्कूटरींसाठी गेली, मग मोटारींसाठी.

आपल्या लाभाचाही उल्लेख करणे उचित होईल. ब्रिटनमधील २,६३,४५० व्यक्तींच्या पाहणीत, जिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले, सायकलने कामावर जाणाऱ्यांत अकाली मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले. आणि हॉलंडमधील एका अभ्यासात अशा कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या रजा वर्षाकाठी एका दिवसाहून अधिक कमी भरल्या. मुळात निरोगी असलेली माणसेच सायकल घेत असतील, असा संशय अशा आकड्यांवर घेता येतो आणि तो अगदीच निराधार नाही, म्हणून माझी भिस्त मी त्यांच्यावर ठेवलेली नाही. समजा, लाभ एका पैचाही नसला, तरी ज्या आवारात मोटारीला छप्पर आहे त्या आवारात सायकलीला ते असावे, ही मागणी न्यायाची आहे.

जर्मनीत सायकलस्वारांची एडीएफसी ही संघटना मालकांच्या आस्थापनांची तपासणी करून त्यांना सायकलस्नेही असल्याची सनद देते, आणि एओके या आरोग्यविमा संस्थेच्या साहाय्याने २००१ पासून दर उन्हाळ्यात, किमान वीस दिवस कामावर सायकलने या, अशी मोहीम चालविते. आपण सनदांच्या व मोहिमांच्या मागे आताच लागू नये. आरंभ याहून लहान असावा. येत्या पावसाळ्यापूर्वी एखाद्या सामान्य आठवड्यात, पूर्वसूचना न देता, आपल्या प्रत्येक फाटकावर सायकलने येणाऱ्यांची मोजदाद करवावी. तीत कायम, हंगामी, कंत्राटी, उपाहारगृहातील व सफाईचे असे सर्व धरावेत. भिंतीबाहेर, खांबांना व झाडांना बांधलेल्या सायकलीही मोजाव्यात. प्रत्येकास दोनच गोष्टी विचाराव्यात: किती दुरून येता, आणि येथे आल्यावर काय अडचण पडते. हा कागद संचालक मंडळाच्या पुढील सभेत, मोटारतळावरील वार्षिक खर्चाच्या आकड्याशेजारी ठेवावा, आणि मंडळाचा जो निर्णय होईल तो त्या सायकलस्वारांना लेखी कळवावा.



आपला नम्र,
गार्चिंगनिवासी एक पुणेकर नोकरदार